लिलावातील हत्यारे व लाकूड

लिलाव हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा 'लेइलांव' आपल्या तोंडी 'लिलाव' झाला. जुन्या मराठी कागदपत्रांत त्याच व्यवहाराला 'हर्राज' म्हणत, आणि कोकणी घरांत त्याला 'पावणी' म्हणतात. गोव्यातील कोमुनिदादींची शेते खंडाने देण्याची रीतही हीच होती: चारचौघांदेखत बोली व्हावयाची आणि जो अधिक देईल त्याच्या हाती शेत जावयाचे. शब्द तीन, पण मर्म एकच. वस्तूची किंमत दुकानदाराने लावावयाची नाही, ती मागणाऱ्यांनी एकमेकांच्या ईर्ष्येने ठरवावयाची.

आमच्या शाळेत सुतारकामाचा वर्ग आहे. वर्गातील मुलांची संख्या वाढली, हत्यारांची वाढली नाही. नव्या हत्यारांना पैसा पुरेना, आणि बाजारात जी स्वस्त मिळतात त्यांची धार आठवडाभरही टिकत नाही असा अनुभव आला. तेव्हा आम्ही जुनी हत्यारे व जुने लाकूड लिलावात घेण्याचा मार्ग धरला. त्या उद्योगात जे कळले ते येथे मांडीत आहोत. एके ठिकाणी आम्ही चांगलेच चुकलो. तेही सांगितले पाहिजे.

प्रथम एका गैरसमजाविषयी. लिलावात आलेली सुताराची पेटी ही कर्जापायी जप्त झालेली असणार, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेने (१९०८) कलम ६० मध्ये ही गोष्ट स्पष्टपणे मना केली आहे. न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी घरदार जप्त होऊ शकते, परंतु कारागिराची हत्यारे जप्त करून विकता येत नाहीत. ज्याच्याकडून पैसे वसूल करावयाचे त्याचे मिळविण्याचे साधनच काढून घेतले तर तो पैसे कोठून आणणार, हा त्यातील साधा व्यवहार. मग ही हत्यारे लिलावात येतात कशी? कारखाना मोडतो, हातकामाच्या जागी यंत्र येते, मुलगा दुसरा धंदा धरतो, किंवा कारागीर वारतो. बहुधा शेवटचे कारण खरे असते.

लिलावाचे खरे काम बोली सुरू होण्यापूर्वीचे. माल पाहण्यास जो वेळ मिळतो त्यात प्रत्येक हत्यार हाती घेऊन पाहावे. त्यासाठी आम्ही एक पोलादी पट्टी, लहान गुण्या, चुंबक आणि तेलाचे फडके जवळ बाळगतो. मूठ मोडकी आहे, वर तांबूस गंज आहे, एवढ्यावरून हत्यार टाकाऊ ठरवू नये. मूठ बाभळीची नवी बसविता येते. वरवरचा गंज आमसुलाच्या किंवा चिंचेच्या दाट कोळात रात्रभर ठेवल्यास सुटतो. सकाळी स्वच्छ धुऊन, कोरडे करून, लगेच तेलाचा हात फिरवावा. (एकदा सुट्टीच्या गडबडीत आम्ही दोन हत्यारे तीन दिवस तशीच विसरलो, तेव्हा आम्लाने गंजाबरोबर पोलादही खाल्ले.) याउलट, नवा रंग देऊन चकचकीत केलेल्या हत्याराकडे मात्र संशयाने पाहावे. रंगाखाली चीर लपते.

पटाशीचे उदाहरण घेऊ. तिची धार दोन पृष्ठांच्या मिळणीवर तयार होते. एक पृष्ठ उतरते, दुसरे सपाट. या सपाट बाजूला पाठ म्हणू. उतरते पृष्ठ घासून केव्हाही नवे करता येते. पाठ मात्र सपाट व गुळगुळीतच हवी. पाठीवर गंजाचे खोल खड्डे असतील, तर धार लावता लावता ती जसजशी मागे सरकते तसतसा एकेक खड्डा धारेवर येतो आणि तेथे धार तुटते. अशी पटाशी फुकट मिळाली तरी महाग. दुसरे, टोकाजवळ निळसर झाक आहे काय ते पाहावे. घाईने यंत्रावर घासताना पोलाद फार तापले की ते निळे पडते, आणि निळे पडलेल्या भागाचे पाणी उतरलेले असते. तो भाग थोडा असेल तर हळूहळू घासून काढता येतो. फार असेल तर त्या पटाशीत काही उरत नाही. तिसरी पाहावयाची गोष्ट लांबीची. प्रत्येक वेळी धार लावताना हत्यार केसभर झिजते. जुन्या पटाशीची जेवढी लांबी उरली असेल तेवढेच तिचे आयुष्य.

काही जुन्या पटाश्यांवर 'कास्ट स्टील' अशी इंग्रजी अक्षरे ठोकलेली आढळतात. ती पाहून ओतीव लोखंडाची म्हणून फेकून देणारेही आम्ही पाहिले आहेत. अर्थ अगदी उलट आहे. इंग्लंडात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत काढली; त्या रीतीच्या पोलादाचे हे नाव. अशी पटाशी शंभर वर्षांची असली तरी धार उत्तम धरते.

लोखंडी रंधा असेल तर प्रथम त्याचे पाते काढून, पाते जेथून बाहेर डोकावते त्या तळाच्या फटीचे दोन्ही कोपरे निरखावेत. ओतीव लोखंड ठिसूळ; रंधा एकदा दगडी फरशीवर पडला की तेथे चीर जाते. मग पट्टी उभी धरून तळ उजेडाकडे करावा. पट्टीखालून कोठे किती उजेड दिसतो यावरून तळ सपाट आहे की नाही ते कळते. अमेरिकेतील स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली लेनर्ड बेली याच्या रंध्याचे हक्क घेतले, आणि आजचे बहुतेक लोखंडी रंधे त्याच घडणीचे आहेत. म्हणून एकाचा सुटा भाग दुसऱ्याला पुष्कळदा चालतो. लाकडी रंध्याचा तळ झिजला असेल तर चिंता नको. तो दुसऱ्या रंध्याने सपाट करता येतो.

करवत डोळ्यासमोर लांब धरून तिच्या धारेवरून नजर टाकावी. सबंध पाते सारखे वळले असेल तर ते सरळ करता येते, पण एखाद्या ठिकाणी मोड पडला असेल तर तो जात नाही. दाते बोथट असणे हा दोष नव्हे, त्यासाठीच कानस असते. विजेच्या यंत्रांविषयी एवढेच, की ती चालवून दाखविल्यावाचून घेऊ नयेत.

आता बोलीकडे वळू. माल पारखला, तो मनात भरला, आणि बोली सुरू झाली की माणसाचे काहीतरी होते. शेजारच्याने पन्नास वाढविले की आपण शंभर वाढवितो. वस्तू बाजूस राहते आणि शेजारी डोळ्यांत सलू लागतो. पण ईर्ष्येहूनही सूक्ष्म असा एक दोष लिलावात आहे. अमेरिकेतील तेलाच्या धंद्यात काम करणाऱ्या तीन अभियंत्यांनी तो १९७१ साली मांडला. समुद्रतळाखाली तेल किती आहे याचा प्रत्येक कंपनी आपापला अंदाज करी आणि त्यावरून बोली लावी. कोणाचा अंदाज कमी पडे, कोणाचा जास्त. सगळ्यांचे मिळून गणित ठीक असले तरी लिलाव जिंकणारा तोच, ज्याचा अंदाज सर्वांत जास्त, म्हणजे बहुधा जो सर्वांत अधिक चुकलेला. पुढे १९८३ साली तेथीलच दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांपुढे नाण्यांसारख्या वस्तूंनी भरलेल्या बरण्या ठेवून हे पडताळून पाहिले. प्रत्येक बरणीचे मोल आठ डॉलर होते. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज निघाला ५.१३ डॉलर, म्हणजे खरे पाहता कमीच. तरीही ज्यांनी बोली जिंकली त्यांनी सरासरी १०.०१ डॉलर मोजले! वर्गात चिंचोक्यांची बरणी ठेवून हा प्रयोग कोणासही करता येईल.

यावर आम्ही योजलेला उपाय साधा आहे. माल पाहून झाल्यावर, बोली सुरू होण्यापूर्वी, हिशेब कागदावर मांडावयाचा. दुरुस्त झाल्यावर ही पेटी आपल्याला ३००० रुपयांची वाटते, मुठी, कानशी व तेल यांना ३५० लागतील, नेण्याआणण्यास २५०, राहिले २४००. कर द्यावा लागत असेल तर तोही यातच. हा आकडा लिहून कागद दुसऱ्याच्या खिशात ठेवावयाचा. त्यापुढे तोंड उघडावयाचे नाही. वरील आकडे आम्ही उदाहरणादाखल बनविलेले नाहीत. एका पेटीसाठी आम्ही खरोखर मांडलेला तो हिशेब आहे, आणि आमची चूक तेथेच झाली.

जवळच्या एका खेड्यात एक वृद्ध सुतार वारले होते. मुलगा पुण्यास कारखान्यात. घरच्यांनी अंगणात लिलाव मांडला: अकरा पटाश्यांची एक पेटी, पाच रंधे, करवती, वाकस, गिरमिटे, आणि माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या. आम्ही आणि आमचे सुतारकामाचे शिक्षक असे दोघे गेलो. पटाश्या पाहून आम्ही २४०० चा आकडा लिहिला. इतक्यात एक व्यापारी जवळ आले. त्यांनी आग्रहाने चहा पाजला आणि सहज म्हणाले, "गुरुजी, पटाश्या तुमच्या. रंध्यांकडं तेवढं बघू नका, म्हणजे झालं." आम्ही हसून मान डोलावली. त्या मानेचा अर्थ आम्हांस तेव्हा नीट कळला नाही. किंवा थोडा कळला आणि आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही.

पटाश्यांची बोली निघाली. आम्ही ५०० म्हटले. कोणी काही बोलले नाही. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या काकी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. सुताराच्या पुतण्याने दोनदा विचारले, तेव्हा आम्हीच संकोचाने ७०० केले, आणि पेटी आमची झाली. रंधे निघाले तेव्हा दुसरे व्यापारी गप्प, आम्ही गप्प. पाच रंधे एका रंध्याच्या मोलात गेले. बसमध्ये बसल्यावर आमच्या सोबत्यांनी खिशातला कागद काढून पुढे धरला आणि म्हणाले, "सतराशे वाचले." त्यापुढे गाव येईपर्यंत दोघेही बोललो नाही.

लिलाव करणाऱ्यांनी आधी संगनमत करून एकमेकांवर बोली न चढविणे या प्रकाराला आपल्या स्पर्धा कायद्याने (२००२) कलम ३ मध्ये बंदी घातली आहे. इंग्लंडात तर व्यापाऱ्यांच्या अशा टोळ्यांपायी १९२७ साली स्वतंत्र कायदा करून तो गुन्हा ठरविला गेला. खेड्यातल्या अंगणापर्यंत कायद्याचे कलम कितपत पोहोचते हा वकिलांचा प्रश्न. कलम नसते तरी काय झाले ते आम्हांस ठाऊक होते. जास्त पैसे जाऊ नयेत म्हणून आम्ही कागदावर वरची मर्यादा लिहिली होती. खालची मर्यादा लिहावी असे आमच्या मनातही आले नव्हते.

माळ्यावरच्या फळ्या मात्र त्या दिवशी विकल्या गेल्या नाहीत. बोली फारच खाली राहिली, तेव्हा काकींनी मानेनेच नको म्हटले आणि पुतण्याने त्या मागे घेतल्या. लाकडाची पारख हत्यारांहून कठीण, आणि ती गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

लाकडाचे मोठे लिलाव वनखात्याच्या आगारांत होतात. आपल्या भागातील लोकांना उत्तर कन्नड जिल्ह्यातील दांडेलीचे आगार ऐकून माहीत असते. साग, शिसम, ऐन, किंजळ, नाणा अशा ओंडक्यांचे ढीग लावलेले असतात, आणि बोली एकेका ढिगावर होते. आता यांपैकी पुष्कळ लिलाव संगणकाच्या पडद्यावर चालतात, तथापि माल आगारात जाऊनच पाहावा. ओंडक्याची दोन्ही तोंडे पाहावीत: मध्ये ढोली आहे काय, तडे किती खोल गेले आहेत, आतला गर्द गाभा किती आणि बाहेरचा फिकट थर किती. सागाचा टिकाऊपणा त्या गाभ्यात आहे. फिकट थर वाळवी सुखाने खाते. ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याने ठोकलेली खूण असते, ती पावतीशी ताडून घ्यावी, आणि वाहतुकीचा परवाना हाती पडल्यावाचून गाडी हलवू नये. १९२७ च्या वन कायद्यान्वये लाकडाच्या ने-आणीवर नियम आहेत, आणि परवान्यावाचून रस्त्यात सापडलेले लाकूड पैसे भरलेले असले तरी अडकून पडते.

ओंडक्याचे माप घेण्याची रीत गणिताच्या विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावी. मधोमध दोरीने घेर मोजतात, त्याचा चौथा हिस्सा घेतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल तर चौथा हिस्सा १ फूट, म्हणून माप १० घनफूट. पण भूमितीने वृत्तचितीचे घनफळ काढले तर ते १२.७३ घनफूट येते. मग विकणारा पावणेतीन घनफूट लाकूड फुकट देतो काय? तसे नाही. त्याच ओंडक्यातून मोठ्यात मोठी चौरस तुळई कापली तर ती ८.१ घनफुटांची भरते. बाकी फाकळ्या आणि भुसा. म्हणजे १० हा आकडा झाडाचाही नाही आणि तुळईचाही नाही, तो दोहोंमधला समेट आहे. इंग्लंडात एडवर्ड हॉपस याने १७३६ साली या रीतीची तयार कोष्टके छापली. पुढे ही रीत त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आपल्याकडेही रुळली. ओंडका घेताना तुमच्या कागदावर ८.१ असावे, १० नव्हे.

जुन्या घरांच्या लाकडाची गोष्ट निराळी. घर पाडले की तुळया, खांब, चौकटी, वासे यांचा लिलाव होतो. हे लाकूड वाळविण्याची गरज नसते, तेच त्याचे मोठे मोल. परंतु जुन्या खाचा व भोके वजा करूनच लांबी धरावी, चुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधावेत (एक खिळा करवतीचे दहा दाते नेतो), आणि लाकूड आपटून पाहावे. बारीक पिठासारखा भुसा गळला तर आत किडा जिवंत आहे असे समजावे. निरोगी सागवान मात्र किती टिकते याचा दाखला मुंबईच्या गोदीत आहे. तेथे वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागाचे 'ट्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज १८१७ साली तयार झाले. १८९७ साली ते मोडीत विकले गेले. परंतु एका गृहस्थाने ते मोडणाऱ्यांकडून विकत घेऊन मुलांना नौकानयन शिकविण्याच्या कामी लावले. दोनशे वर्षे उलटून गेली तरी ते इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, या वेळी दहावीची चार मुले बरोबर घेऊन. प्रथम पटाश्यांविषयी जे घडले ते काकींना सांगितले, आणि त्यांची खरी किंमत आम्ही काय लिहिली होती तो कागदही दाखविला. उरलेले पैसे आम्ही दोघांनी आपल्या पदरचे नेले होते. त्यांनी कागद हातात घेतला नाही. "लिलाव झाला तो झाला," त्या म्हणाल्या, "आता फळ्या तरी नीट मोजा."

फळ्या आठ होत्या. मुलांनी त्या माळ्यावरून उतरविल्या, पुसल्या, प्रत्येक फळीची रुंदी तीन ठिकाणी मोजली. सुतारांचा ढोबळ हिशेब असा, की एक इंच जाडीला वाळण्यास एक वर्ष द्यावे. या फळ्या दोन इंची आणि माळ्यावर बारा वर्षे पडलेल्या, म्हणून वाळण्याविषयी प्रश्नच नव्हता. प्रत्येक फळी ८ फूट लांब, ९ इंच रुंद, २ इंच जाड. म्हणजे बरोबर एक घनफूट. एका फळीच्या कडेस भुंग्याची भोके होती. मुलांनी ती वजा करून साडेसात घनफूट धरावे असे सुचविले. काकींच्या पुतण्याने आठ म्हटले. मग भोकांची कडा करवतीने कापून आत पाहिले. कीड अर्ध्या इंचावर थांबलेली होती. आठ ठरले. भाव आम्ही तीन वखारींत आधीच विचारून ठेवला होता, तिन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेवले, आणि मधला आकडा दोन्हीकडून मान्य झाला. पटाश्यांचे पैसे काकींनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. एक अट मात्र घातली: कापताना निघतील ते तुकडे जळणात घालावयाचे नाहीत.

सहा फळ्यांतून वाचनालयासाठी तीन बाक झाले. ते याच पटाश्यांनी घडविले आहेत. दोन फळ्या भिंतीशी उभ्या आहेत. तुकड्यांतून पाचवीच्या मुलांनी हत्यारांच्या मुठी करण्यास घेतल्या आहेत, आणि त्यांपैकी चार बऱ्या साधल्या आहेत.